कालची रेष

“ही रेष कशावर काढलीस रे?” बोक्याने विचारलं. विचारताना तो हसत होता, कारण ज्याची रेष चुकेल त्याने चहा आणायचा हा त्या दोघांचा जुना कायदा होता, आणि हर्नियाचं ऑपरेशन करून कामावर परतल्या परतल्या पहिल्याच सकाळी फुकटचा चहा मिळतोय म्हणून स्वारी खुशीत होती. “कशावर म्हणजे? बर्फावर.” “कुठल्या बर्फावर?” बोक्याने आपलं चित्र त्याच्या चित्रावर घातलं. स्क्रीनवर दोन रेषा आल्या, बोक्याची लाल आणि त्याची पिवळी. बराच वेळ दोघी गळ्यात गळे घालून किनाऱ्याने चालल्या होत्या, आणि एका जागी पिवळी एकटीच समुद्रात निघाली होती, ऐटीत, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाचं कोपर बाहेर येतं तशी, आणि आपलं वळण पुरं करून पुन्हा लालला येऊन मिळाली होती. त्या कोपराच्या आत पाणी होतं. बोक्याचं हसू एकदम गेलं नाही, कडेकडेने गेलं. “चष्मा बदल,” तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, “तुला खरंच दिसत नाहीये?” त्याने पाहिलं. त्याला बर्फ दिसला. त्याने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं, आणि आता पाणी दिसलं. करडं, वाऱ्याने खरवडलेलं, बर्फासारखंच पांढुरकं, पण पाणी. त्याने चष्मा काढून पुसला. “डोळ्यात काहीतरी गेलंय,” तो म्हणाला. बोका मांजरासारखा बिनआवाजाचा चालतो म्हणून त्याचं नाव बोका. तो तसाच उठला आणि स्वतःच चहा घेऊन आला. ते जास्त वाईट होतं.

त्याचं काम सांगायला सोपं आणि लोकांना पटायला अवघड. पृथ्वीच्या टोकाला समुद्र गोठतो. तो गोठलेला समुद्र कुठे संपतो आणि उघडं पाणी कुठे सुरू होतं, ती रेष रोज सकाळी काढायची. ढग असोत, अंधार असो, उपग्रह वरून जाता जाता रडारने चित्र काढतो. चित्र आलं की दोन माणसं दोन टेबलांवर, एकमेकांचं न बघता, रेष काढतात, मग रेषेवर रेष ठेवून बघतात, आणि जुळली की ती जहाजांना जाते. यंत्राला हे अजून धड जमत नाही. रडारला गुळगुळीत ते काळं दिसतं आणि खरखरीत ते पांढरं, त्यामुळे वारा सुटला आणि पाणी खवळलं की यंत्र त्यालाच बर्फ समजतं. माणूस फसत नाही, असं ऑफिसच्या प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं, खाली हसऱ्या लोकांचा फोटो. माणूस का फसत नाही, हे कोणी छापत नाही. माणूस फसत नाही कारण माणसाला कालचं आठवतं. कोऱ्या चित्रावर कोणीच काम करत नाही. चित्राच्या खाली कालची रेष फिकट निळी होऊन आपोआप येते, आणि जिथे बदल दिसेल तिथे तिला ढकलायचं, बाकीची तशीच गिरवायची. एका रात्रीत समुद्र असा काय बदलणार? हीच रीत होती, त्याला ती त्याच्या वरिष्ठांनी शिकवली, त्याने ती पुढे शंभर पोरांना शिकवली. वाऱ्याच्या दिवशी, काही कळेनासं झालं की, कालच्याला धरून राहा. कोपर दिसलं की समजा आपण घरी आलो. पोरं हसायची आणि लिहून घ्यायची.

त्या कोपरावर त्याचा जीव होता असं म्हटलं तर तो भडकला असता, पण होता. समुद्राच्या तळाशी तिथे खडकांचा उंचवटा आहे, त्याला अडकून बर्फ बाहेर येऊन थांबतो. थंडीत कोपर फुगायचं, उन्हाळ्यात रोडावायचं, पण ते नाहीसं झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आधीच्यांनी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं म्हणजे तरी काय? उभ्या आयुष्यात तो त्या बर्फाच्या आसपास गेलेला नाही. त्याला पोहता येत नाही, जहाजाच्या नुसत्या विचाराने मळमळतं, फ्रीज उघडा राहिला तरी शिंका सुरू होतात. “घरातला बर्फाचा ट्रे एकदा भरून ठेवत नाही, आणि निघालाय ध्रुवाची चौकशी करायला,” असं बायको चारचौघांत सांगते आणि सगळे हसतात, तोही हसतो. पण हात! हाताला ते वळण माहीत होतं. टेबलावर पेन टेकलं की किनाऱ्याने सरळ, मग जरा वर, मग बाहेर, लांब, सैल मनगटाने, आणि वळून आत. मीटिंगमध्ये कंटाळा आला की तो कागदाच्या कोपऱ्यात तेच वळण काढत बसायचा. आता त्याने हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी हात तिथे ठेवलाय असं त्याला वाटलं.

बोका रजेवर होता तेव्हा तो एकटाच रेष काढत होता. नियम दोघांचा आहे. पण माणूस कमी पडतो तेव्हा नियम वाकतो, आणि तो वाकवणाऱ्या बाई, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “तुम्ही एकटेच दोघांच्या बरोबरीचे आहात हो.” ही स्तुती नसते, ही बचत असते. त्याला ते तेव्हाही कळलं होतं आणि तरी त्याच्या छातीला बरं वाटलं होतं. तो सगळा आठवडा वारा होता. रोज चित्र पांढुरकं, रोज डोळे चोळायचे, रोज खाली ती निळी रेष शांतपणे पडलेली, तिच्यावर पिवळी गिरवायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच पिवळी निळी होऊन खाली यायची आणि म्हणायची, बघ, काल तूच तर इथे बर्फ पाहिलास. त्याने मागची चित्रं उघडली. कालचं. परवाचं. त्याच्या आधीचं. प्रत्येकात त्याला एकदा बर्फ दिसला आणि एकदा पाणी. कोपर नेमकं कधी तुटलं? कुठल्या दिवसापर्यंत तो बघत होता आणि कुठल्या दिवसापासून नुसता आठवत होता? तो सांधा त्याला कुठेच सापडेना. आणि सांधा सापडत नाही म्हटल्यावर भीतीने मागे मागे जायला सुरुवात केली. या आठवड्याचं सोडा. गेल्या वर्षीचं काय? त्याच्या आधीचं? वाऱ्याचे दिवस काय थोडे झाले? त्याच्या रेषांवरून क्षेत्रफळं काढली होती, क्षेत्रफळांवरून आलेख, आणि ते आलेख मोठमोठ्या सभागृहांत दाखवले गेले होते. ज्या आलेखाकडे बघून किंचाळायला हवं त्याच्याकडे बघून लोक मान हलवत होते, टाळ्या वाजवत होते आणि मग जेवायला जात होते. तो आलेख घसरत होता. म्हणजे त्याचा हात जुन्या वळणाला चिकटून बसलेला असूनसुद्धा घसरत होता. मग खरा किती घसरला असेल?

हा सगळा विचार तो करत होता कारण दुसरा एक विचार त्याला करायचा नव्हता. तो विचार दाराबाहेर उभा होता आणि खोकत होता. त्या कोपराच्या कडेला आज एक जहाज उभं होतं, आणि त्या जहाजावर त्याची मुलगी होती.

घरी तिला खारू म्हणतात, लहानपणी उशीखाली शेंगदाणे लपवायची म्हणून. खारू समुद्राचं तापमान मोजते. बर्फावर उतरायचं, भोक पाडायचं, एका लांब केबलला ओळीने लावलेले तापमापक त्या भोकातून खाली सोडायचे आणि वर्षभर तिथेच ठेवायचे, असं तिचं काम. घरी असली की जेवताना ती ताटाखाली हात नेऊन सांगायची, “तुम्ही सगळे वरून बघता रे बाबा. वरून काही होत नाही. खोलातलं गरम पाणी आता वर सरकतंय, ते खालून खातं. वर पांढरं ते पांढरंच.” “गरम म्हणजे किती गरम?” बायकोने विचारलं होतं, ती मुलांना पोहायला शिकवते, पाण्याच्या गरम-थंडाबद्दल तिला मत आहे. “तुझ्या तलावात ओतलं तर पोरं किंचाळून बाहेर पळतील इतकं थंड. पण बर्फाला तेवढं पुरतं, आई.” जहाजावरचे लोक कोपरावर उतरणार होते. कधी, ते हवेवर. आणि कुठे, ते रेषेवर. कडेपासून जितकं आत तितकं जाड, तितकं भरवशाचं, असा ढोबळ हिशेब असतो. कड कुठे आहे, ते तो सांगणार.

“दुरुस्ती पाठवतोय,” बोका म्हणाला. “रेष माझी लावतो. खाली लिहू का, की या भागातल्या आधीच्या रेषाही धरू नका म्हणून?” बोक्याने हे स्क्रीनकडेच बघत विचारलं. लिहिलं तर बाई विचारणार, सगळे विचारणार. “लिही,” तो म्हणाला. “आणि माझं नाव घाल.” बाई आल्या, वाचलं, ओठ चावले. “या वयात होतं असं,” त्या म्हणाल्या. “आपण याची नोंद घेऊ.” “कशाची नोंद, बाई?” त्याचा आवाज चढला. “मी चुकलो याची, की कोपर गेलं याची? कोपर गेलंय! माझं मागाहून बघा ना, मी कुठे पळतोय!” बाजूच्या टेबलांवरचे लोक आपापल्या स्क्रीनमध्ये घुसले. बाई म्हणाल्या, “तुम्ही जरा घरी जा. डोळे दाखवून या.” जहाजाकडून दुरुस्ती पोचल्याचं उत्तर आलं नव्हतं. तिकडे वादळ होतं, जहाजाचा फोन बंद. वाट बघण्याशिवाय कोणी काही करू शकत नव्हतं, आणि वाट बघायला तो त्या खुर्चीवर बसू शकत नव्हता. जिना उतरताना त्याने प्रत्येक पायरीवर आधी अर्धा पाय टेकवला, मग भार दिला. शिपायाने वरून विचारलं, “पाय दुखतोय का?” तो हो म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई त्याच्या मुलीच्याच वयाच्या होत्या. एका पांढऱ्या अर्ध्या गोलात त्याने हनुवटी ठेवली आणि हातात एक बटण घेतलं. ठिपका चमकला की दाबायचं. ठिपके चमकले. तो दाबत राहिला. मग त्याला वाटलं, ठिपका नसताना आपण दाबलं. मग वाटलं, होता. आत कुठेतरी टकटक वाजत होतं, ते यंत्राचं होतं की त्याच्या कानातलं हे कळेना, आणि पांढऱ्या गोलाच्या मधोमध त्याला किनारा दिसायला लागला. “झालं, काका,” डॉक्टर म्हणाल्या. “डोळे तुमचे छान आहेत. माझ्यापेक्षा चांगले.” “नीट बघा.” “बघितलं ना.” “नाही, परत बघा. मला नसलेलं दिसतंय. पडदा फाटला असेल, आत डाग असेल, काहीतरी असेलच की.” तो एखाद्या उमेदवाराने नोकरी मागावी तसा आजार मागत होता, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. डोळ्यांत काही निघालं तर बाकी सगळं ठीक होतं. डोळ्यांत काही निघालं तर कोपर अजून असू शकत होतं. खारू बर्फावर असू शकत होती. “काका,” डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “प्रत्येकाच्याच डोळ्यात एक जागा आंधळी असते. तिथून नस निघते, तिथे काही दिसत नाही. पण आपल्याला भोक दिसतं का? नाही दिसत. मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवून टाकतो. भिंत असेल तर भिंत भरतो.” “आणि बर्फ असेल तर?” त्या हसल्या; त्यांना वाटलं तो गंमत करतोय. “बर्फ असेल तर बर्फ,” त्या म्हणाल्या.

रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, ते या महिन्यात असायचं त्याहून जास्त होतं. गेली काही वर्षं असंच, आणि लोक गेली काही वर्षं “यंदा जरा जास्तच, नाही?” एवढंच बोलत होते आणि थंड बाटल्या विकत घेत होते. दुकानाच्या दारात बर्फाचा डबा होता, त्यातून पाणी गळत फुटपाथवर आलं होतं, आणि ते पाणी ओलांडताना त्याला बापाची गाडी आठवली. बाप बर्फाच्या कारखान्यातून लाद्या घेऊन ढकलगाडीने दुकानांना पोचवायचा. लादीवर लाकडाचा भुसा, भुशावर ओलं पोतं. सुट्टीच्या दिवशी तो मागून ढकलायला जायचा; पोत्यातून गार वाफ तोंडावर यायची, भुशाचा आंबूस वास, आणि गाडीखालून रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ मागे मागे येत राहायची. त्या दिवशी ऊन फार होतं आणि वाटेत गाडीचं चाक निखळलं. बाप घाम पुसत, शिव्या देत चाक बसवत बसला. मध्ये मध्ये उठून पोत्यावर थाप मारून बघायचा. लादी आहे, म्हणायचा. पोतं तसंच होतं, चौकोनी, कोपरे धरून. दुकानावर पोचले तेव्हा दुकानदाराने पोतं उचललं. खाली भुसा होता, ओला, दाबून बसलेला, लादीच्या आकाराचा. बापाने बर्फ फोडायची सळई त्यात मारली, ती दांड्यापर्यंत आत गेली आणि गाडीच्या फळीवर टक् वाजली. दुकानदार हसायला लागला. गिऱ्हाइकं हसायला लागली. बाप हसला नाही, चिडला नाही, त्याने वाकून गाडीच्या खाली बघितलं. मग मागे रस्त्याकडे. “आत्ता तर होती,” तो म्हणाला. बापाला घाबरलेलं त्याने तेवढंच एकदा पाहिलं. मारणारा, मोठ्याने बोलणारा, खांद्यावर लादी घेऊन पळणारा माणूस, आणि त्याचं तोंड बाजारात हात सुटलेल्या पोरासारखं झालेलं. त्यालाही हसू आलं होतं तेव्हा. आता, एवढ्या वर्षांनी, ऊन पडलेल्या फुटपाथवर, त्याला ते तोंड आतून कसं लागतं ते कळलं. त्याने गाल चाचपून पाहिले.

घरी बायको तलावावरून नुकतीच आली होती, क्लोरीनचा वास घेऊन. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पिशवी हातातच ठेवून उभी राहिली. “काय झालं? खारू?” “नाही. म्हणजे माहीत नाही. फोन लागत नाहीये.” त्याने सगळं सांगितलं, वाकडंतिकडं, शेवट आधी. ती ऐकत होती आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याला वाटलं, आपण हा चेहरा बघतोय की गिरवतोय? “केस कधी कापलेस तू?” त्याने विचारलं. “उन्हाळ्यात,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर आरशात बघत होते. छान दिसतेस म्हणालास.” केस कानाच्या वर होते, आणि पांढरे कितीतरी, आणि डोळ्यांच्या खालचं सगळं जरा खाली उतरलेलं. कधी? ही सगळी कड कधी सरकली? “तू मला घाबरवू नकोस हं,” बायको म्हणाली. “असा बघू नकोस. दुरुस्ती गेली ना? मग ते बघतील ना? एवढे शिकलेले लोक आहेत तिथे, खिडकीतून पाणी दिसत नाही का त्यांना?” “वादळात काही दिसत नाही.” “मग उतरणारही नाहीत वादळात.” “वादळ आजचं आहे,” तो म्हणाला. “काल ऊन होतं तिथे.” ती खाली बसली. पिशवीतून ओला टॉवेल काढून ती त्याच्या उगाच घड्या घालायला लागली, उलगडायला लागली. तो खिडकीपाशी गेला. समोरच्या इमारती, गच्चीवरच्या टाक्या, दोरीवरचे कपडे. त्याला यातलं काहीच आपल्या पायाखालच्या जमिनीला घट्ट जोडलेलं वाटेना. वरून सगळं तसंच होतं. वरून तसंच असतं.

दिवेलागणीला फोन वाजला. लाइनवर खरखर, आणि बोललेलं पोचायला वेळ लागत होता, म्हणून दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. “खारू! कुठे आहेस?” “जहाजावर. बाबा, ओरडू नकोस, ऐकू येतंय. दुरुस्ती मिळाली तुमची. आत्ताच.” तो जमिनीवरच बसला. बायकोने फोनला कान लावला. “मग ठीक आहे,” तो म्हणाला, “मग झालं, मग आता...” “बाबा, आम्ही काल उतरलो होतो.” खरखर. “काय?” “काल. दुपारी वारा पडला, हवा मस्त झाली. कडेपासून खूप आत होतो आम्ही, तुझ्या रेषेच्या हिशेबाने पार आत. पहिली दोन-तीन भोकं नीट पडली, जाड होतं. मग सामान ठेवलं तिथे चौथं पाडलं आणि ड्रिल गपकन खालीच गेलं. वीतभर पण नव्हता रे. खालून सगळा खाल्लेला. आणि मग ते हलायला लागलं. वर-खाली. हळू. झोपाळ्यासारखं.” ती हसली. ते हसू त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. “लाटा खालून येत होत्या, बाबा. लाट कडेपासून एवढ्या आत येत नाही ना? म्हणजे कड तिथे नव्हतीच. ती आमच्याजवळ आलेली होती, आणि आम्ही तुझा नकाशा बघून बिनधास्त बसलो होतो, सँडविच खात.” “मग?” बायकोने विचारलं. “मग काय, आई. पालथे पडून सरपटत आलो. केबल, तापमापक, सगळं मशीन राहिलं तिथेच. ज्या मशीनसाठी इतकी वर्षं भांडले ते गेलं. आज सकाळी तिथे काहीच नाहीये. पाणी आहे.” “काल का नाही कळवलंस?” तो म्हणाला. “तुझी रेष चुकली म्हणून कळवायचं होतं? मलाच कळवायचं होतं ते?” खारूने विचारलं, मग आवाज उतरवला. “खरं सांगू? आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं. कॅप्टन म्हणाला, आपण भलत्याच जागी उतरलो असणार, नकाशावर तर इथे घट्ट आहे. रात्रभर आम्ही आमची जागा तपासत होतो.”

रेष माझी होती, असं त्याला म्हणायचं होतं; तो म्हणाला तेव्हा ते नुसतं “माझी” एवढंच बाहेर पडलं. “माहीत आहे,” खारू म्हणाली. मग तिचा आवाज कामाचा झाला. “ऐक. दुसरं मशीन आहे जहाजावर, जुनं. उद्या हवा उघडणार आहे. किनाऱ्याला धरून कुठे घट्ट तुकडा असेल तर तिथे एक प्रयत्न करायचा, नाहीतर परत फिरायचं. कॅप्टन उद्याच्या रेषेवर ठरवणार. तू काढणार ना?” “बोका काढेल.” “बोकाकाका काढतीलच. दुसरी कोण काढणार? दोघांची लागते ना? उद्या परत कोणीतरी एकट्याने काढलेल्या रेषेवर मी पाय ठेवणार नाहीये, बाबा.” “माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाही.” “डोळे दाखवलेस?” “दाखवले. चांगले आहेत.” “मग तूच काढ,” ती म्हणाली. “पण बघून काढ.” आणि फोन तुटला, की तिने ठेवला. बायको रडत होती आणि त्याच्या पाठीवर मुठीने मारत होती, जोरात नाही, पण थांबत नव्हती. त्याने मारू दिलं.

सकाळी तो बोक्याच्या आधी येऊन बसला होता. बोका आला, त्याच्याकडे बघितलं, पोट धरून खुर्चीत बसला. टाके ओढत होते. “झोपलास का?” “नाही.” “मीही नाही.” चित्र आलं. वारा पडला होता. समुद्र काळा, गुळगुळीत, आणि सगळं इतकं स्वच्छ की आंधळ्यालाही दिसावं. चित्राखाली निळी रेष आली. कालची, बोक्याची, दुरुस्त केलेली, खरी. तिच्याकडे बघताच त्याच्या हाताला बरं वाटलं आणि ते बरं वाटणं पाहून तो शहारला. “बोक्या, ही काढून टाकता येते का?” “काय?” “कालची रेष. खाली नको मला.” बोक्याने मान वळवली. “कोऱ्यावर काढणार? कोणी काढत नाही रे तसं.” “येते का काढता?” बोक्याने दोन-तीन ठिकाणी शोधलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि मग दोघांच्याही स्क्रीनवरून निळं गेलं. इतक्या वर्षांत त्याने ते चित्र उघडं कधी पाहिलंच नव्हतं. धरायला काही नव्हतं. त्याने पेन टेकवलं. हात सरळ गेला, जरा वर गेला, आणि जुन्या जागी आल्यावर मनगट सैल पडलं, बाहेर निघालं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं. थांबला. बघितलं. इथे बर्फ आहे का? नाही. मग आत सरक. इथे? नाही. आत. इथे? एक पांढरा पट्टा होता, तो त्याने मोठा करून बघितला, आणखी मोठा, त्याला वाटलं आहे, घट्ट आहे, इथे खारूला उतरता येईल. मग नजर हटवली, कपाट बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तो चुरा होता, वाऱ्याने किनाऱ्याशी लोटलेला चुरा. आत. तो एक एक बोट आत येत गेला, जिथे कोपर होतं तिथून, कोपराच्या आतून, कोपराच्या मागच्या त्या रुंद पट्ट्यातून ज्याच्याकडे कोणी कधी लक्षच दिलं नव्हतं कारण तो कायमचा होता, आणि शेवटी पेन खडकाला लागलं. जमीन. त्याच्यापुढे रेष जायला जागा नव्हती. त्याने ती जमिनीच्या कडेकडेने ओढत नेली, शाळेतल्या पोराने नकाशा गिरवावा तशी, भागाच्या शेवटपर्यंत.

“झाली?” बोक्याने विचारलं. “झाली. तुझी?” “कधीच.” बोका रेषेवर रेष ठेवायला थांबला होता. त्याने बोक्याच्या हाताकडे बघितलं आणि एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच मनोमन हात जोडले, की जुळू नये. बोक्याची कुठेतरी बाहेर जाऊ दे. मी वेडा ठरू दे, म्हातारा ठरू दे, बाईंना नोंद घेऊ दे, मला घरी बसवू दे, मी आयुष्यभर याला चहा पाजेन. एक एवढासा पट्टा असू दे जो याला दिसला आणि मला दिसला नाही. बोक्याने बटण दाबलं. लाल रेषेवर पिवळी बसली आणि दोन्ही मिळून एकच नारिंगी रेष झाली, जमिनीला चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही फट नव्हती. खोलीत पंखा फिरत होता. बोक्याचा हात पोटावर होता. चहा आणायला कोणीच उठलं नाही.

रेष गेली. मग खाली एक छोटी चौकट उघडली, जहाजाकडून. बोक्याने वाचलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “तुझ्यासाठी आहे,” तो म्हणाला. खारूने एवढंच विचारलं होतं: बघून काढलीस ना?

त्याने पुन्हा एकदा चित्राकडे बघितलं. मग बोटं कीबोर्डवर ठेवली. ती गार पडली होती. हो, त्याने लिहिलं. बघून काढली. परत फिरा.